शंकरपाळी, बांगडी आणि सरळ रेषा



मागच्या वेळी चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आपापल्या घरच्या पद्धती कळवल्या, खूप बरं वाटलं. आज मात्र विषय जरा वेगळा आहे. हसू नका, आज मी भूमितीवर लिहिणार आहे. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. ज्यांनी शाळा सुटल्यावर कंपासपेटी माळ्यावर टाकून दिली त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच.

सुरुवात झाली ती धाकटीच्या कंपासपेटीपासून. ती नववीत आहे. श्रावणातली गोष्ट. शाळेतून आली आणि दप्तर टाकून खेळायला गेली. मला किराणा मालाच्या यादीसाठी पेन्सिल हवी होती म्हणून मी तिची पेटी उघडली. कोनमापकाखाली आठ घड्या घातलेला एक कागद होता. उलगडला तर घटक चाचणीचा पेपर. गणित भाग दोन, २० पैकी ४. आणि खाली पालकांची सही म्हणून माझ्या नावाची वेडीवाकडी अक्षरं.

गुण कमी पडले याचं इतकं नाही वाटलं, पण सही बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती घरात आल्या आल्या मी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. पण एक वाक्य लिहायलाच हवं, कारण आजचा लेख त्या वाक्याचाच आहे. मी म्हणाले, "आम्हाला घरी शिकवायला कुणी नव्हतं, शिकवणी नव्हती, तरी आम्ही पहिल्या फटक्यात पास झालो!"

मैत्रिणींनो, मी पास झाले नव्हते. मी दहावीला गणितात नापास झाले होते, आणि तेही भूमितीमुळेच. प्रमेयं मी घोकून गेले होते. पेपरात त्रिकोणाच्या शिरोबिंदूंना अ ब क च्या ऐवजी प फ म अशी नावं दिलेली बघितली आणि हातपाय गळाले. पुढं परत बसायचं म्हणता म्हणता राहून गेलं. स्थळं बघायला लागले तेव्हा घरचे सांगायचे, "मुलीची दहावी झालीय." झालीय म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. लग्नानंतर यांना मी सांगितलं होतं. हे म्हणाले, "त्यात काय एवढं." पण सासूबाईंना कधी सांगितलं नाही आणि मुलांना तर नाहीच. इतक्या वर्षांत ते 'झालीय' घट्ट होत होत 'पहिल्या फटक्यात पास' कधी झालं, मलाच कळलं नाही.

पोरगी मान खाली घालून रडत होती. सासूबाई देवघराच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत ताटात बघायला लागल्या.

रात्री सगळे झोपल्यावर मी तिचं पुस्तक घेऊन बसले. समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. आयताचे गुणधर्म, समभुज चौकोनाचे गुणधर्म, अशा याद्या. आपण नोकराला महिन्याचं सामान सांगतो तशा. संमुख बाजू समान, संमुख कोन समान, कर्ण परस्परांना दुभागतात. मी वाचत होते आणि पोटात तोच जुना गोळा येत होता. मग लक्षात आलं की धाकटीलाही हेच होत असणार. याद्या पाठ आहेत, पण ती आकृती कोण आहे, काय करते, याची ओळखच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गाळताना ओळखीची पहिली जागा सापडली.

आपल्याकडे गाळण्याचं माप सांगितलेलं आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद, आणि ते दुहेरी करून त्यातून पाणी गाळायचं. २४ अंगुळांचा एक हात. म्हणजे दीड हात बाय एक हात. टेपनं मोजायचं तर हाताचे १८ इंच धरून २७ बाय १८ इंच. आमचं जुनं गाळणं विरलं होतं, म्हणून नवीन मांजरपाट आणून ठेवला होता. मी धाकटीला म्हटलं, "ये, कापड कापायला मदत कर."

तिनं मापं घेतली, मी कापलं. पण टाकल्यावर ते जरा तिरकं दिसायला लागलं. समोरासमोरच्या बाजू मोजल्या, बरोबर होत्या. २७ ला २७, १८ ला १८. मग तिरकं कसं? ती म्हणाली, "आई, कोपरे मोजायला हवेत." कोनमापक कापडावर काही नीट बसेना. तेव्हा मला रात्रीची यादी आठवली. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. आम्ही एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरली, मग दुसरीकडून धरली. एक कर्ण चांगला इंचभर मोठा निघाला. लांब झालेले कोपरे जरा जरा आत ढकलत दोन्ही कर्ण सारखे केले आणि चारही कोपरे आपोआप काटकोनात आले. संमुख बाजू समान असल्या म्हणजे तो समांतरभुज चौकोन. त्याचे कर्णही समान झाले की तो आयत. हे यादीत होतंच. पण कापड हातात धरून बघितल्यावर धाकटी म्हणाली, "अच्छा, म्हणजे कर्ण चुगली करतात!"

मग आम्ही ते दुहेरी केलं. लांबी निम्मी झाली. अंगुळांत १८ बाय २४. तिला सहज म्हटलं, आता याचा कर्ण मोज. टेपवर आले साडेबावीस इंच. साडेबावीस इंच म्हणजे अंगुळांत बरोबर ३०. ना कमी, ना जास्त. ती वहीत लिहायला लागली. १८ चा वर्ग ३२४, २४ चा वर्ग ५७६, बेरीज ९००, आणि ९०० म्हणजे ३० चा वर्ग. पायथागोरसचा सिद्धांत! ३, ४, ५ ची जी जोडी पुस्तकात असते, तिचीच ही सहापट. उलगडलेल्या कापडाचा कर्ण असा पूर्ण आकड्यात येत नाही, दुहेरी केल्यावरच येतो.

हे माप सांगणाऱ्यांच्या मनात कर्ण होता असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात पाण्यातले जीव होते. पण रोज सकाळी जे कापड मी घागरीवर पसरते त्यात इतका सुंदर काटकोन त्रिकोण लपलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आमचा रोज संध्याकाळचा एक कार्यक्रमच झाला. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात आपली, त्यामुळं नंतर वेळ मोकळाच असतो. एक दिवस खराट्याच्या काड्या घेतल्या. तीन काड्यांची टोकं दोऱ्यानं बांधून त्रिकोण केला, चार सारख्या काड्यांचा चौरस केला. चौरस एका कोपऱ्यात दाबला की तो लगेच कलला. चारही बाजू तेवढ्याच, पण कोन बदलले आणि तो चौरसाचा साधा समभुज चौकोन झाला. जितका दाबावा तितका चपटा, आतली जागा कमी कमी. त्रिकोण मात्र कितीही दाबा, हलत नाही. काडी मोडेल पण कोन बदलणार नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. भिंतीवरच्या फळीखाली सुतार तिरकी पट्टी मारून त्रिकोण करतो तो याचसाठी. कललेल्या चौरसात आम्ही एक काडी कर्णासारखी तिरकी बांधली, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण झाले, आणि तोही ताठ उभा राहिला.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते हे मी दहावीला शंभर वेळा लिहिलं असेल, पण विश्वास म्हणून कधी बसला नव्हता. आता लग्नाच्या जुन्या पत्रिका काढल्या. त्यातून धाकटीनं एक उंच त्रिकोण कापला, एक पसरट, एक काटकोनाचा. प्रत्येकाचे तिन्ही कोपरे फाडले आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवले. दर वेळी खाली सरळ रेषा तयार झाली. उंच असो की पसरट, तिन्ही कोपरे मिळून एक सरळ रेषा. अर्थात हे करून बघणं झालं, सिद्धता नव्हे. सिद्धतेसाठी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी लागते आणि व्युत्क्रम कोन बघावे लागतात. पण कोपरे फाडून बघितल्यावर ती समांतर रेषा कशाला काढतात, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

रविवारी मी शंकरपाळ्या करायला घेतल्या. आता तुम्ही म्हणाल, दिवाळी कुठं आली? पण शंकरपाळीशिवाय चौकोन शिकवायचे कसे? मोठी पोळी लाटली आणि कातणं धाकटीच्या हातात दिलं. आधी एका दिशेनं समांतर रेघा, मग दुसऱ्या दिशेनं तिरक्या समांतर रेघा. दोन्हीकडं अंतर सारखं ठेवलं तर मधल्या सगळ्या शंकरपाळ्या समभुज चौकोन होतात. एकीकडं अंतर जास्त, दुसरीकडं कमी झालं तर त्या लांबट होतात, नुसत्या समांतरभुज. रेघा तिरक्या न मारता काटकोनात मारल्या आणि अंतर सारखं ठेवलं की चौरस. आणि पोळीच्या कडेला जे वेडेवाकडे तुकडे उरतात, ज्यांची एक बाजू गोल असते, ते आमच्याकडं पहिल्यांदा तळतात आणि पहिल्यांदा संपतात. कडेची गोलाई कापून टाकली की त्यात त्रिकोण निघतात, आणि ज्याच्या दोनच बाजू समांतर असतात तो समलंब चौकोनही निघतो.

एक शंकरपाळी घेऊन तिचे दोन कर्ण सुरीनं आखले. एकमेकांना मधोमध कापतात आणि काटकोनात कापतात. चौरसाचेही तसेच, फक्त तिथं दोन्ही कर्ण सारख्या लांबीचे असतात. इथं धाकटी अडली. "मग चौरस हा समभुज चौकोन आहे की नाही? बाईंनी एका प्रश्नात हो लिहिलं आणि दुसऱ्यात नाही लिहिलं." बघितलं तर पहिला प्रश्न होता, प्रत्येक चौरस समभुज चौकोन असतो का. दुसरा होता, प्रत्येक समभुज चौकोन चौरस असतो का. माझ्याही डोक्यात गोंधळ झाला. दोन्ही वाक्यं मला सारखीच वाटत होती.

सासूबाई झाऱ्यानं शंकरपाळ्या निथळत होत्या. त्यांची शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, "अगं, सगळे तीर्थंकर केवली असतात की नाही?"

"असतात."

"आणि सगळे केवली तीर्थंकर असतात का?"

धाकटी दोन क्षण थांबली आणि एकदम म्हणाली, "नाही! तीर्थंकर चोवीसच. केवली कितीतरी."

"मग झालं की. तुझा चौरस तो तीर्थंकर, आणि समभुज तो केवली. चारी बाजू सारख्या एवढ्यावर समभुज होता येतं. चौरस व्हायला आणखी काहीतरी लागतं."

आणखी काहीतरी म्हणजे काटकोन. मैत्रिणींनो, मी दहावीत होते तेव्हा मला असं कुणी सांगितलं असतं तर!

वर्तुळासाठी बांगड्या काढल्या. आपण दुकानात दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ म्हणतो ना, तो बांगडीचा आतला व्यास असतो. दोन इंच आणि वर इंचाचे तितके सोळावे भाग. दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, अर्थात सव्वादोन इंच. धाकटीनं दोरा आतल्या कडेनं नीट फिरवून मोजला तर सात इंचाच्या किंचित पुढं आला. सव्वादोनची तिप्पट पावणेसात होते. म्हणजे परीघ व्यासाच्या तिपटीपेक्षा थोडा जास्त. सासूबाईंच्या दोन-आठच्या बांगडीला मोजलं, डब्याच्या झाकणाला मोजलं, परातीला मोजलं. वर्तुळ लहान असो की मोठं, तिप्पट आणि थोडंसं वर. पुस्तकात २२ भागिले ७ घेतात तो हाच आकडा.

आणि इथं मला तुम्हाला एक खास गोष्ट सांगायची आहे. जंबूद्वीप वर्तुळाकार आहे आणि त्याचा व्यास एक लाख योजनं, हे आपण स्वाध्यायात ऐकतो. त्याचा परीघही आपल्या ग्रंथांत दिलेला आहे. ३,१६,२२७ योजनं, ३ कोस, १२८ धनुष्यं आणि साडेतेरा अंगुळांहून थोडा अधिक. मी हे आकडे लहानपणापासून ऐकले होते, पण ते आले कुठून हे कधी विचारलं नव्हतं. धाकटीनं मोबाईलवर १० चं वर्गमूळ काढलं तर ३.१६२२७ आलं. एक लाखानं गुणलं की ३,१६,२२७ आणि वर अपूर्णांक. म्हणजे आपल्या आचार्यांनी व्यासाला १० च्या वर्गमुळानं गुणून परीघ काढला होता, आणि उरलेला अपूर्णांक पार अंगुळापर्यंत नेला होता! आज आपण जो पाय घेतो तो ३.१४१५९ असा आहे, म्हणजे आचार्यांचा आकडा त्याहून जरासा मोठा आहे. पण नुसत्या तिपटीपेक्षा तो खऱ्याच्या कितीतरी जवळ आहे.

आमच्या मंदिराच्या शास्त्रांच्या कपाटात 'गणितसारसंग्रह' आहे, महावीराचार्यांचा. हे महावीर म्हणजे भगवान नव्हेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमाराला होऊन गेलेले दिगंबर परंपरेतले गणिती. त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापूरहून निघाली, जैन संस्कृति संरक्षक संघाकडून. मी ते पुस्तक घरी आणलं. त्यात सपाट आकृत्यांचे १६ प्रकार केलेत. त्रिकोण तीन, चौकोन पाच आणि गोलाईच्या आकृत्या आठ. त्रिकोणात तिन्ही बाजू सारख्या असलेला, दोन सारख्या असलेला आणि तिन्ही वेगळ्या असलेला. हे तर आमच्या नववीच्या पुस्तकातलेच समभुज, समद्विभुज आणि विषमभुज! गोलाईत नुसतं वर्तुळ आणि अर्धवर्तुळ नाही, लांबट वर्तुळ आहे, शंखाच्या आकाराची आकृती आहे, चाकाच्या धावेसारखं कडं आहे.

आणि मोजण्याचे दोन मार्ग दिलेत. एक व्यावहारिक, म्हणजे कामापुरता. त्यात परीघ व्यासाच्या तिप्पट धरायचा. दुसरा सूक्ष्म, त्यात १० चं वर्गमूळ घ्यायचं. आपण व्यवहारनय आणि निश्चयनय म्हणतो, ते वेगळं. पण घरकामातही असंच असतं की नाही? मांडवाला तोरण लावायला तिप्पट पुरतं. बांगडी घडवणाऱ्याला पुरत नाही.

धाकटीनं ते पुस्तक मैत्रिणीला दाखवायला शाळेत न्यायचा हट्ट धरला. मंदिराचं म्हणून मी दिलं नाही. पण तिचा चेहरा बघून मला बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं. कारण ती म्हणाली, "आई, तुला किती येतं गं! म्हणूनच तू पहिल्या फटक्यात पास झालीस."

मी काही बोलले नाही. मी बांगड्या डब्यात भरल्या.

भाद्रपदात पर्युषण आलं. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आदल्या दिवशी धाकटीनं मला विचारलं होतं, "आर्जव म्हणजे विनवणी करणं ना? मग तो धर्म कसा?" आपल्या रोजच्या मराठीत आर्जव म्हणजे विनवणीच. पण मूळ शब्द ऋजु, म्हणजे सरळ. मनात जे, तेच बोलण्यात, तेच वागण्यात. त्याच्या उलट ती माया, म्हणजे कपट. प्रवचनात काकांनी सांगितलं की मुक्त झालेला जीव कुठंही न वळता सरळ वर जातो, एका समयात. संसारी जीव एका भवातून दुसऱ्या भवात जाताना वळणं घेऊ शकतो, फार तर तीन. हे मी दरवर्षी ऐकते. पण या वर्षी माझ्या डोक्यात धाकटीचं पुस्तक होतं. दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. सरळ वाट एकच असते. वाकड्या कितीही काढता येतात, आणि त्यातली प्रत्येक लांब असते.

मी किती वर्षं वळसे घेत होते! "दहावी झालीय." खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य. पण सरळही नाही. आणि जिला सहीबद्दल रडेपर्यंत बोलले होते, तिनं वेगळं काय केलं होतं? तिनं एक पेपर आठ घड्या घालून लपवला. मीही तेच केलं, फक्त माझी घडी वीस वर्षांची जुनी.

त्या दिवशी माझं एकाशन होतं. दुपारी सासूबाई जप करून उठल्या, धाकटी शाळेतून लवकर आली होती. दोघींना बसवलं आणि सांगून टाकलं. मी दहावी नापास आहे. गणितात. परत बसले नाही. पास झाले असं मी तुम्हाला खोटं सांगितलं.

मला वाटलं होतं पोरगी हसेल, किंवा गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मला का इतकं बोललीस?" आणि उठून आत गेली. तिचं बरोबर होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सासूबाई माळ पिशवीत ठेवत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं कधीतरी."

"मग बोलला नाहीत ते?"

"तू सांगायच्या आधी मी कसं बोलू?" एवढंच म्हणून त्या पाणी गाळायला उठल्या.

दोन दिवस धाकटी माझ्याशी कामापुरतंच बोलली. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडताना माझ्यापाशी आली. मी तिच्या आधी हात जोडले. आपल्या लेकीला "मला क्षमा कर" म्हणताना जीभ किती जड होते, ते ज्यांनी म्हटलंय त्यांनाच ठाऊक. तीही म्हणाली, आणि सहीचं म्हणाली. संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "वर्तुळाच्या जीवेचं राहिलंय. तुलाही येत नसेल, चल दोघी बघू."

आता सहामाही झाली आहे. भूमितीत तिला निम्म्याहून थोडे जास्त गुण पडलेत. फार नाहीत. पेपर मात्र तिनं आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, उघडा. मी सही केली, माझ्या हातानं. एका प्रश्नात तिनं सिद्धतेची शेवटची पायरी सोडली होती, तिथं बाईंनी लाल गोल केला होता. ती पायरी आम्ही त्या रात्री दोघींनी मिळून लिहिली. मला ती आली. दहावीत आली नव्हती.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी नववी-दहावीचं कुणी असेल तर एकदा गाळणं, शंकरपाळी, बांगडी घेऊन बसा. गुणधर्म पाठ करायला लागू नका, आकृती हातात घेऊन फिरवून बघा. मंदिरात ताटात काढतो तो स्वस्तिकसुद्धा बघा. पाव फेरा फिरवला तरी जसाच्या तसा दिसतो, पण आरशात धरला तर उलटा होतो. आणि मुलांना ओरडण्याआधी स्वतःची जुनी कंपासपेटी एकदा उघडून बघा. माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर पर्युषण संपलं असलं तरी क्षमा असावी.

या वर्षी दिवाळीच्या शंकरपाळ्या धाकटीच कापणार आहे. कडेचे तुकडे मात्र आमच्या सासूबाईंसाठी राखून ठेवायचे ठरलंय.

जय जिनेंद्र.